सिकलसेल वाहकांनी पळण्याचा सराव कसा वाढवायचा : रक्तात काय घडतं आणि क्रम कुठे चुकतो

सिकलसेलच्या रिपोर्टवर ‘एएस’, म्हणजे ‘वाहक’, लिहून आलं की घरात बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर मुलाचं मैदान बंद होतं, नाहीतर ‘वाहकाला काही होत नसतं’ म्हणून रिपोर्ट कपाटात जातो आणि पोरगं पहिल्याच दिवशी सगळ्यांबरोबर जीव तोडून पळतं. दोन्ही चूक. वाहकाने व्यायाम करावा, खेळावं, स्पर्धेतही उतरावं. फक्त वेग कोणत्या क्रमाने वाढवायचा आणि कुठे थांबायचं, हे त्याला आणि त्याच्या कोचला पक्कं ठाऊक हवं.

मी पळणाऱ्यांना शिकवतो. दुसरी चूक माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच सांगण्यावरून झाली आहे. ती पाचव्या टप्प्यात सांगितली आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या, कारण लोक घोळ घालतात तो बहुतेक वेळा क्रमातच.

हा लेख फक्त वाहकांसाठी, म्हणजे ‘एएस’ पॅटर्नसाठी आहे. ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष आजार. त्या रुग्णांचा व्यायाम त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचा असतो.

## सुरुवातीआधी : रक्तात नेमकं काय घडतं

वाहकाच्या लाल पेशीत दोन प्रकारचं हिमोग्लोबिन असतं. एक नेहमीचं ‘ए’ आणि दुसरं आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेलं ‘एस’. ‘ए’चं पारडं जड असतं, ‘एस’ साधारण ३५ ते ४० टक्के. ‘एस’ची खोड एकच. ऑक्सिजन सोडला की त्याचे कण एकमेकांना चिकटून लांब, ताठ दोर वळतात. त्या दोरांमुळे पेशी आतून ताणली जाते आणि विळ्यासारखी वाकडी, कडक होते.

पण हे लगेच होत नाही. ऑक्सिजन सुटल्यापासून दोर वळले जाईपर्यंत थोडा अवधी जातो. वाहकात ‘ए’ मध्ये मध्ये येत असल्यामुळे हा अवधी लांबतो. तेवढ्यात पेशी स्नायूतल्या केसाहून बारीक नळ्या पार करते, फुप्फुसात पोचते आणि पुन्हा ऑक्सिजन घेते. म्हणून रोजच्या जगण्यात वाहकाला काही जाणवत नाही. केवळ वाहक असण्यामुळे ॲनिमियाही होत नाही.

चार गोष्टी हा अवधी कमी करतात :

1. स्नायूने रक्तातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन ओढून घेणं.
2. जोराच्या मेहनतीत तयार होणारं आम्ल.
3. शरीराची वाढलेली उष्णता.
4. लाल पेशीतलं पाणी कमी होणं.

चौथी गोष्ट लोक हलक्यात घेतात. पेशीतलं पाणी थोडं जरी घटलं तरी आतलं ‘एस’ दाटतं आणि दोर वळायला लागणारा अवधी कित्येक पटींनी कमी होतो. इथे हिशोब सरळ प्रमाणात चालत नाही.

दमवून टाकणाऱ्या पळण्यात या चारही गोष्टी एकाच वेळी, एकाच स्नायूत घडतात. मग काही पेशी नळीतच कडक होतात आणि मागून येणाऱ्या पेशींची वाट अडवतात. पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही, तिथला ऑक्सिजन आणखी घटतो, आम्ल आणखी वाढतं, आणखी पेशी वाकतात. हे सुरू असताना माणूस पळतच राहिला तर स्नायू अक्षरशः फुटू लागतात. याला डॉक्टर रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. फुटलेल्या स्नायूतलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं आणि मायोग्लोबिन नावाचं प्रथिन किडनीवर बसतं.

दिलासा देणारी बाजूही याच यंत्रणेत आहे. माणूस वेळेत थांबला तर स्नायूची ऑक्सिजनची मागणी उतरते, आम्ल धुऊन जातं, आणि वाकलेल्या बऱ्याचशा पेशी फुप्फुसातून ऑक्सिजन घेऊन पुन्हा गोल होतात. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीवर उभे आहेत.

धोका किती, याचा अंदाज हवा म्हणून एक अभ्यास सांगतो. अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहक आणि इतर सैनिक यांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मेहनतीने स्नायू फुटण्याचा धोका मात्र वाहकांमध्ये ५४ टक्के जास्त होता. त्या लष्करात ऊन, पाणी आणि विश्रांतीचे नियम सगळ्यांनाच लागू असतात, हे विसरू नका. आणखी एक गोष्ट : तंबाखूचं सेवन करणाऱ्यांचा धोकाही जवळपास तेवढाच वाढलेला दिसला. वाहक असणं तुमच्या हातात नाही, तंबाखू आहे.

## टप्पा १ : रिपोर्ट नीट वाचा

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. झटपट होणारी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात ‘एस’ आहे की नाही एवढंच सांगते. वाहक आणि रुग्ण, दोघांचीही ही चाचणी पॉझिटिव्ह येते. तेवढ्यावर कुणाला ‘वाहक’ ठरवू नका आणि ‘रुग्ण’ही ठरवू नका. पुढची तपासणी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस. तिच्यात ‘ए’ आणि ‘एस’ यांची टक्केवारी वेगवेगळी छापून येते.

टक्केवारी वाचताना एकच गोष्ट पाहा : ‘ए’ जास्त आहे की ‘एस’? वाहकात ‘ए’ नेहमी जास्त असतं. अलीकडे रक्त चढवलेलं नसताना ‘एस’ जास्त आणि ‘ए’ कमी दिसत असेल, तर तो साधा वाहक नाही. सिकलसेलसोबत बीटा थॅलेसेमियाचा दोष असू शकतो आणि ती व्यक्ती रुग्णांत मोडते. अशा माणसाला ‘वाहक आहेस, पळ’ म्हणणं घातक आहे.

तपासून पाहा : रिपोर्टवर चाचणीचं नाव आहे का? ‘ए’ आणि ‘एस’चे आकडे वेगळे दिले आहेत का? सोबत साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची आणि हिमोग्लोबिनची तपासणी, केला आहे का? हिमोग्लोबिन कमी आलं असेल तर ‘सिकलमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. वाहकाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर कारण दुसरं असतं आणि ते शोधावं लागतं.

## टप्पा २ : ज्यांच्यासमोर पळणार त्यांना सांगा

लाजेने लपवलेली गोष्ट मैदानावर महागात पडते. संघातून काढतील म्हणून मुलं सांगत नाहीत. आम्ही कोच मंडळीही विचारत नाही. कोचला आणि रोज बरोबर पळणाऱ्या एकातरी जोडीदाराला तीन वाक्यं स्पष्ट सांगा : मी सिकलसेल वाहक आहे. पाय अचानक गळाले तर मी थांबणार. थांबल्यावर मला पुन्हा पळायला लावू नका.

कोचसाठी : वाहक म्हणून कुणाला संघातून वगळू नका. तसं केलंत तर पुढचा मुलगा सांगणारच नाही. मैदानावर ऑक्सिजन सिलिंडर आणि मास्क ठेवता येत असेल तर ठेवा. तो चालू कसा करायचा हे आधीच शिकून घ्या. जवळचं असं हॉस्पिटल पाहून ठेवा जिथे रात्रीही रक्ततपासणी होते आणि डायलिसिसची सोय आहे.

## टप्पा ३ : त्या दिवसाची तयारी

पाणी. वाहकांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं आहे की मेहनतीनंतर त्यांचं रक्त इतरांपेक्षा घट्ट होतं. मध्ये मध्ये पाणी पीत राहिल्यास हा फरक बराच मिटतो. उन्हात नुसतं भरभर चालायला लावलं आणि पाणी दिलं नाही तरी वाकड्या पेशी वाढत गेल्या. पाणी दिल्यावर वाढल्या नाहीत. तेव्हा पळण्याच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी सुरू ठेवा. मैदानावर पोचल्यावर एक लिटर घटाघटा पिऊन भागत नाही.

इथे एक चूक चांगल्या जाणकारांकडूनही होते. ‘लघवी पिवळी दिसली तर पाणी कमी, पांढरी दिसली तर भरपूर’ हा नियम वाहकाला फसवू शकतो. किडनीच्या सर्वांत आतल्या भागात ऑक्सिजन कमी आणि क्षार जास्त असतात. तिथे वाहकाच्या पेशी वर्षानुवर्षं थोड्या थोड्या वाकत राहतात आणि लघवी दाट करण्याची किडनीची ताकद घटते. त्यामुळे शरीर कोरडं पडलं तरी लघवी फिकी राहू शकते, आणि पाणीही जास्त बाहेर जातं. म्हणून रंगावर न जाता वजनकाटा वापरा. पळण्याआधी आणि नंतर, घामाचे कपडे काढून वजन करा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त घट म्हणजे पाणी कमी पडलं. पुढच्या वेळी जास्त प्या. वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं. तेही धोक्याचं, कारण रक्तातलं सोडियम पातळ होतं. लांबच्या सरावात पाण्याबरोबर मीठही पोटात जाऊ द्या.

ऊन. शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. या दिवसांत वेग वाढवू नका. सकाळी लवकर पळा.

आजारपण. ताप, जुलाब, उलट्या, आवाक्यात नसलेला दमा, रात्रभराचं जागरण यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी जोराचं पळणं रद्द. ‘घाम गेला की ताप उतरतो’ हा समज वाहकाच्या जिवावर बेतू शकतो. ताप गेल्यानंतरचे एक-दोन दिवसही हलकेच ठेवा.

गोळ्या आणि पावडरी. अंगदुखीची गोळी आधीच घेऊन पळायला उतरू नका. आयबुप्रोफेनसारखी औषधं कोरड्या पडलेल्या शरीरात किडनीवर ताण आणतात. ताकद वाढवण्याच्या नावाखाली विकली जाणारी उत्तेजक पावडर आणि वजन उतरवण्यासाठी लघवी वाढवणारी गोळी, या दोन गोष्टींना हातही लावू नका.

तपासून पाहा : झोप झाली? पोट ठीक? अंगाचं तापमान नेहमीसारखं? काल आणि आज पुरेसं पाणी गेलं? एका जरी प्रश्नाला ‘नाही’ आलं तर आज फक्त चालायचं.

## टप्पा ४ : वेग वाढवण्याचा क्रम

बहुतेक दुर्घटनांची सुरुवात एकाच ठिकाणी होते. सुट्टीनंतरचा किंवा भरतीनंतरचा पहिला दिवस, आणि ‘बघू किती दम आहे’ म्हणून घड्याळ लावून घेतलेली १६०० मीटरची चाचणी. शरीर तयार नसताना सगळी ताकद लावायची, तीही कुणीतरी ओरडत असताना. वाहकासाठी याहून वाईट सुरुवात नाही. दम तपासायची चाचणी सरावाच्या शेवटी येते, पहिल्या दिवशी नाही.

नेमकी कोणती मेहनत धोक्याची, हे ओळखा. एखादी छोटी, सुटी धाव आणि नंतर भरपूर विश्रांती. थांबून थांबून केलेलं वेटलिफ्टिंग. बोलता येईल अशा गतीने लांब पळणं. यांत धोका कमी. धोका वाढतो तो दोन-तीन मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण ताकदीने पळताना : ८०० ते १६०० मीटर जीव तोडून पळणं, दम परत येऊ न देता एकामागून एक स्प्रिंट, चढावरचे किंवा पायऱ्यांवरचे राउंड. वाहकाने विश्रांतीशिवाय दोन-तीन मिनिटांपलीकडे पूर्ण ताकद लावायची नाही. ही रेघ मनात ठेवून मी पुढचा क्रम वापरतो.

आठवडा १ आणि २. एक दिवसाआड २० ते ३० मिनिटं. थोडं चालणं, थोडं हळू पळणं. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की चाला.

आठवडा ३ आणि ४. सलग हळू पळणं. शेवटी ६० ते ८० मीटरच्या चार-पाच मोकळ्या धावा, पूर्ण ताकद न लावता. प्रत्येक धावेनंतर चालत परत यायचं आणि श्वास पूर्ण शांत झाल्यावरच पुढची सुरू करायची.

आठवडा ५ आणि ६. २०० मीटरच्या तीन-चार धावा, ठरवलेल्या वेळेत. मध्ये किमान तीन मिनिटं चालणं. विश्रांती घड्याळाने संपवू नका, श्वासाने संपवा. तीन मिनिटांनंतरही धाप असेल तर पाच घ्या.

सातव्या आठवड्यापासून. ४०० मीटरच्या धावा, आधी दोन, मग तीन. ८०० किंवा १६०० मीटर वेळ लावून पळायचं असेल तर यानंतर, तेही समान गतीने. पहिला राउंड फाडून पळायचा आणि पुढचे ओढत न्यायचे, असं नको.

एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा : अंतर, वेग, धावांची संख्या किंवा चढ. विश्रांती कमी करणं हीसुद्धा ‘वाढ’च आहे, तिलाही त्याच मोजमापात धरा. लोक अंतर तेच ठेवतात आणि विश्रांती अर्धी करतात, मग म्हणतात ‘काही वाढवलं नव्हतं’. शरीराच्या लेखी ती सर्वांत मोठी वाढ असते.

दोन आठवड्यांहून मोठा खंड पडला तर पुन्हा पहिल्या आठवड्यापासून. आधीचा दम आठवत असतो, पण स्नायूतला राहिलेला नसतो. जुने, तरबेज खेळाडू नेमके इथेच फसतात.

सावधान : शिक्षा म्हणून राउंड मारायला लावणं बंद करा. शिक्षेत मुलगा स्वतःच्या गतीने पळत नाही, थांबायची हिंमत करत नाही आणि पाणी मागत नाही. वाहक संघात असो वा नसो, हे सगळ्यांसाठीच सांगतो, कारण कितीतरी मुलांची तपासणीच झालेली नसते.

## टप्पा ५ : पळताना कधी थांबायचं

थकवा सगळ्यांनाच येतो, मग हा वेगळा कसा ओळखायचा? शब्द ऐका. साधा थकलेला मुलगा म्हणतो, ‘दम लागला.’ रक्त अडकू लागलेला मुलगा म्हणतो, ‘पाय उचलत नाहीत’, ‘मांड्या जड झाल्या’, ‘कंबर धरली’. मांड्या, कुल्ले, पोटऱ्या आणि कंबर, म्हणजे पळताना सर्वांत जास्त राबणारे स्नायू, आधी गळतात.

माझ्यासमोरचा मुलगा तिसऱ्या राउंडला मागे पडू लागला. पाय घासत होता, हात मात्र जोरात हलत होते. जवळून जाताना म्हणाला, “सर, पायात त्राणच नाही.” मी ओरडलो, “एकच राउंड राहिलाय, सोडू नकोस.” तो आणखी शंभरेक मीटर गेला. पडला नाही. गुडघे वाकत वाकत खाली बसला, एक हात टेकला आणि मग आडवा झाला. शुद्धीवर होता, माझ्याशी बोलत होता. गोळा आला असेल म्हणून मी पोटरी धरली, तर ती मऊ. गोळा आलेली पोटरी दगडासारखी लागते. ही पिठाच्या गोळ्यासारखी मऊ होती आणि तो म्हणत होता, “दुखतंय, पण आतून.” हॉस्पिटलमध्ये त्याला अनेक दिवस काढावे लागले. बरा झाला. तिथे गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की तो वाहक आहे. शेवटचे शंभर मीटर मी त्याच्याकडून मागितले नसते तर त्याचे ते दिवस वाचले असते.

म्हणून नियम साधा : पाय गळणं, मांड्या-कंबरेत आतून दुखणं, नेहमीपेक्षा जास्त धाप किंवा सूज आल्यासारखं वाटणं, यांतलं एकही आलं की तिथेच थांबा. राउंड पूर्ण करू नका. गती कमी करून ‘ओढून’ही नेऊ नका. सावलीत बसा, पाणी प्या. काही मिनिटांत पूर्ण बरं वाटलं तरी त्या दिवसाचं पळणं संपलं. बरं वाटत नसेल किंवा वाढत असेल तर सरळ सहाव्या टप्प्यावर जा.

## टप्पा ६ : कोसळला तर

### आधी ओळखा

हृदय बंद पडणं. न बोलता, एकदम, झाड तोडल्यासारखा पडतो. हाकेला उत्तर नाही, श्वास नाही किंवा अधूनमधून आचके. ताबडतोब छातीवर दाब द्यायला सुरुवात करा आणि एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं मशीन, मागवा.

गोळे येणं. स्नायू डोळ्यांना दिसेल असा आखडतो, हाताला कडक लागतो. माणूस लंगडत थांबतो आणि विव्हळतो.

उष्माघात. बहुधा बराच वेळ मेहनत झाल्यावर येतो. माणूस भलतंसलतं बोलतो, गोंधळतो. गुदद्वारातून घेतलेलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जातं.

पेशी वाकून आलेलं कोसळणं. पहिल्या काही मिनिटांतही येऊ शकतं, अगदी थंड हवेतही. पाय आधी गळतात, माणूस खाली बसतो. सुरुवातीला बोलतो, स्नायू मऊ लागतात, श्वास भराभर चालतो, पण आत जाणारी हवा मोकळी असते. अंग फारसं तापलेलं नसतं.

तो बोलत असतो, इथेच सगळे फसतात. ‘बोलतोय ना, मग काही नाही’ म्हणून त्याला भिंतीला टेकवून ठेवतात आणि सराव पुढे सुरू होतो. पुढच्या तासाभरात तोच मुलगा बेशुद्ध होऊ शकतो.

### मग या क्रमाने करा

1. उभं करू नका, चालवू नका, पाय ओढून ताणू नका. सावलीत आडवं ठेवा.
2. एकाला ॲम्ब्युलन्स बोलवायला पाठवा. ‘थोडं बघू’ म्हणून थांबू नका.
3. ऑक्सिजन असेल तर मास्कने, मिनिटाला १५ लिटरवर सुरू करा. बोटाच्या ऑक्सिमीटरवर चांगला आकडा दिसला म्हणून ऑक्सिजन काढू नका. ते यंत्र बोटातल्या रक्ताचा आकडा दाखवतं, मांडीच्या स्नायूतून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा नाही.
4. अंग तापलेलं असेल तर पाणी ओतून, वारा घालून गार करा.
5. पूर्ण शुद्धीत असेल, गिळता येत असेल आणि उलटी होत नसेल तरच घोट घोट पाणी द्या.
6. एईडी जवळ आणून ठेवा. शुद्ध हरपली आणि श्वास थांबला तर छातीवर दाब सुरू.
7. हॉस्पिटलमध्ये पोचताच सांगा : “हा सिकलसेल वाहक आहे, पूर्ण ताकदीने पळताना पाय गळून कोसळला, स्नायू फुटत असल्याची शंका आहे.” पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा), सीके (स्नायू फुटल्यावर रक्तात वाढणारं द्रव्य) आणि ईसीजी लगेच पाहायला सांगा.

सातवी पायरी सर्वांत जास्त वेळा राहून जाते. तिथे ‘चक्कर आली’ एवढंच सांगितलं जातं, एक सलाईन लागते आणि मुलगा घरी येतो.

## टप्पा ७ : नंतरचे दोन दिवस

जोराच्या सरावानंतर पुढच्या एक-दोन दिवसांत तीन गोष्टी पाहा. लघवी चहासारखी किंवा कोलासारखी तपकिरी झाली का? दुखणं कमी होण्याऐवजी वाढतंय का, मांड्या सुजल्या आहेत का? लघवीचं प्रमाण एकदम घटलं का? एकही उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

लघवीत लाल रक्त दिसणं ही वेगळी गोष्ट आहे. वाहकांमध्ये किडनीच्या आतल्या भागाला इजा होऊन, काही न दुखताही, असं रक्त येऊ शकतं. पळणं थांबवा, विश्रांती घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. ‘वाहकाला असं होतंच’ म्हणून सोडू नका, कारण क्वचित त्यामागे किडनीची गाठही असते.

सीके तपासलं तर आकडा पाहून लगेच घाबरू नका. जड व्यायामानंतर तो कुणाचाही वाढतो. नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या पाच पटींहून जास्त आणि सोबत वरची लक्षणं असतील तर डॉक्टर त्याला गंभीर धरतात.

आणखी एक, पळण्याशी थेट नाही पण मैदानाशी आहे. चेंडू किंवा कोपर डोळ्याला लागून डोळ्यात रक्त साकळलं, तर नेत्रतज्ज्ञांना वाहक असल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. तिथे अडकलेल्या वाकड्या पेशींमुळे डोळ्यातला दाब वाढून नजर जाऊ शकते. उपचाराची घाई वाहकात जास्त असते.

## टप्पा ८ : उंच डोंगरावर जाण्याआधी

उंचीवर हवेतला ऑक्सिजनच कमी होतो, म्हणजे वरच्या चारपैकी पहिली अडचण, ऑक्सिजनची, सुरुवातीपासूनच असते. साधारण १५०० मीटरच्या वर जाऊन स्पर्धा किंवा ट्रेक करायचा असेल तर आधी काही दिवस तिथे राहा. पहिले दोन-तीन दिवस फक्त चाला. खाली पेलायची ती गती तिथे पेलेल असं धरून चालू नका. सरावाची पट्टी पुन्हा पहिल्या आठवड्यावर आणा.

उंचीवर गेल्यावर डाव्या बरगड्यांखाली कळ आली, खोकताना-श्वास घेताना ती वाढली, सोबत मळमळ किंवा उलटी झाली, तर ते पित्त समजू नका. पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, रक्त अडकून तिचा भाग मरत असू शकतो. ऑक्सिजन द्या, खाली उतरवा आणि हॉस्पिटलला न्या. तिथेही पहिलं वाक्य तेच : “हा सिकलसेल वाहक आहे.” पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी करताना डॉक्टर मग नेमकी पाणथरी पाहतील.

एकदा कोसळून बरा झालेला वाहक पुन्हा पळू शकतो. पण सीके आणि किडनीचे आकडे पूर्ण जागेवर आल्यावर, डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावर, आणि चौथ्या टप्प्याच्या पहिल्या आठवड्यापासून. माझा तो मुलगा पुन्हा पळायला लागला तेव्हा पहिले दोन आठवडे मी त्याच्या बाजूने चालत होतो, आणि तो मध्येच थांबला की मीही थांबत होतो.